हिरवा दिवा

"दर महिन्याला स्टुलावर चढून सेल कोण बदलणार?" आईची कुरकुर थांबावी म्हणून मुलीने घरातल्या, विषारी वायूचा इशारा देणाऱ्या यंत्राचा प्रोग्रॅम सुधारला होता. चिप अडकली तर तिला पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग तिने सेल वाचवायला बंद केला होता. आज वर्कशॉपमध्ये तोच प्रोग्रॅम असलेलं दुसरं यंत्र तपासताना तिने त्यावर वायू सोडला. ते वाजलंच नाही. चिप कधीच अडकली होती. हिरवा दिवा तेवढा वेगळ्या टायमरवर शांतपणे लुकलुकत होता. तिने घरी फोन लावला. "आई, घरचं यंत्र..." "उत्तम चाललंय! आत्ताच बाजारातून आले, दारातूनच दिवा दिसला." "कोळशाची शेगडी पेटवलीय?" "हो, बाबांना थंडी वाजत होती. जाताना मी खिडक्याही लावून गेले होते." "खिडक्या उघड! बाबांना बाहेर काढ!" "झोपू देत गं. आज कधी नव्हे ते घोरत नाहीयेत."