कमानीबाहेर

लाल कमानीपाशी ऑफिसातली मंडळी वाकली आणि देवळाच्या आवारात शिरली. क्योतोपासून या जुन्या जपानी देवळाच्या गोष्टी सांगत आलेल्या किमुराबाई मात्र बाहेरच दगडी कट्ट्यावर बसल्या.

"मी नाही येत," त्या ऋजुताला म्हणाल्या. "महिन्यापूर्वी भाऊ गेला. घरात कुणी गेलं, की आम्ही पन्नास दिवस कमान ओलांडत नाही."

म्हणजे सुतकच. ऋजुतानं उचललेलं पाऊल मागे घेतलं.

"तू जा ना. सगळे थांबलेत."

"आमच्यातही जात नाहीत," ऋजुता म्हणाली. "मागच्या सोमवारी बाबा गेले."

साताऱ्याला जाणं जमलं नव्हतं. आठवडाभर ती कामावर येत होती आणि ऑफिसात कुणालाच हे ठाऊक नव्हतं.

किमुराबाई कट्ट्यावर जराशा सरकल्या.