सैल गाठ

घोटीची वेदिका नाशिकच्या जनावरांच्या दवाखान्यात मदतनिसाचं प्रशिक्षण घेत होती. "मुसकं घट्ट बांधलंस ना?" डॉक्टरांनी इंजेक्शन भरताना विचारलं. भुऱ्या कुत्रा गुरगुरला तेव्हा घाबरून तिने गाठ सैलच ठेवली होती, तरी ती "हो" म्हणाली. सुई टोचताच मुसकं निसटलं आणि भुऱ्या आपल्याच मालकिणीच्या, चंद्रभागाआजींच्या, हाताला कडकडून चावला. आजींनी रक्ताळल्या हातानेच त्याला चापट मारली. "पोरी, तुला नाय ना लागलं?" त्यांनी वेदिकाला विचारलं. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "याला आता लांब सोडून देते. घरात रांगतं लेकरू हाय." वेदिका पुढे झाली. "आजी, मुसकं मीच सैल बांधलं. घाबरले होते, वर खोटं बोलले."  आजींनी भुऱ्याचं मोकळं तोंड छातीशी धरलं. "माझंच चुकलं रे, बाबा." वेदिकाला ते ऐकवेना.