वहीतला खोकला

क्षमेची ओळ जवळ आली तसा शिंप्याने रुमाल काढला. चर्चमध्ये मंडळी डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणत होती. आमच्या अपराध्यांना आम्ही क्षमा केली, असं देवाला सांगायची वेळ आली आणि शिंप्याला खोकला आला. दोन आखूड, एक लांब. ओळ सरली, खोकला थांबला. पुढचं मोहात न पाडण्याबद्दलचं मात्र तो खणखणीत आवाजात म्हणाला.

तीन वर्षं दर रविवारी हेच चाललं होतं. देवाच्या घरात खोटं बोलायचं नाही, हे शिंप्याचं तत्त्व. खोकण्याबद्दल शास्त्रात कुठे काही लिहिलेलं नव्हतं.

खोकल्याचं कारण मागच्याच बाकावर बसायचं. ते म्हणजे त्याचा सख्खा साडू. दोघांनी अकरा वर्षं एका टेबलावर कापड कापलं होतं. मग एका सकाळी साडू मापांची वही घेऊन गेला, तो थेट समोर स्वतःचं दुकान थाटून बसला. अख्ख्या गल्लीची पोटं त्या वहीत होती. पोटांमागोमाग गिऱ्हाईकंही गेली. वर्षभराने साडू वही परत द्यायला आला, दारात उभा राहून रडलासुद्धा. ‘आता पोटं बदलली,’ असं सांगून शिंप्याने दार लावून घेतलं. तेव्हापासून दोघी बहिणी फक्त चर्चच्या पायरीवर भेटत, तेही शिंपी चपला शोधेपर्यंत.

“तुमचा खोकला छातीतला नाही, वहीतला आहे,” बायको म्हणायची.

पाळकांच्या पत्नी बिचाऱ्या भाबड्या. त्यांनी मधाची बाटली आणून दिली. मधाने गुण येईना, तेव्हा पाळकांनी शिंप्याला पुढे बोलावून गुडघ्यांवर बसवलं आणि सगळ्या मंडळीला त्याच्या खोकल्यासाठी प्रार्थना करायला लावली. चाळीस माणसं. डोक्यावर इतके हात आले की कुठला कोणाचा कळेना. एक तेवढा त्याने ओळखला. बाहीला खांद्याशी चुण्या पडलेल्या होत्या; साडूला बाही कधी नीट बसवताच आली नाही. तशाही अवस्थेत शिंप्याला बरं वाटलं.

“प्रभू, याचा खोकला काढून घे,” साडू म्हणाला. “हवा तर मला दे.”

त्या आठवड्यात शिंप्याच्या हातून एक काज सरळ झालं नाही. येत्या रविवारी खोकावं, तर चाळीस माणसांची प्रार्थना फुकट आणि देवाची अब्रू चव्हाट्यावर. न खोकावं, तर ओळ म्हणावी लागणार. शनिवारपर्यंत डोकं खाजवून त्याने मधली वाट काढली. नुसते ओठ हलवायचे.

“म्हणजे कच्चा टाका,” बायको म्हणाली. “देव ओढून बघतो बरं.”

रविवार उजाडला. ओळ आली. शिंप्याने ओठ हलवायला घेतले, तोच मागच्या बाकावरून आवाज झाला. दोन आखूड, एक लांब.

मंडळीचे डोळे उघडले. पाळकांची जीभ अडखळली. गेल्या रविवारी मागितलेलं इतकं तंतोतंत मिळेल, अशी त्यांचीही अपेक्षा नसावी. शिंपी वळला. साडू तोंडावर रुमाल धरून इमानेइतबारे खोकत होता. कान लालबुंद झाले होते. शिंप्याचा खोकला कशाचा, हे त्याला पहिल्या रविवारपासून ठाऊक असणार. देवाची अब्रू आणि शिंप्याचं नाक, दोन्ही वाचावीत म्हणून गडी स्वतः खोकायला बसला होता. शिवाय चोराने खोकल्याचंसुद्धा माप उचललं होतं. एका सुताचा फरक नव्हता.

शिंप्याला हसू आवरेना. हसता हसता प्रार्थना पुढे निघून गेली, मंडळी ‘आमेन’वर पोचली आणि मग त्या शांततेत शिंप्याने राहिलेली ती ओळ एकट्याने, मोठ्याने, पक्की टीप घालावी तशी शेवटपर्यंत म्हटली.

बाहेर पायरीवर दोघी बहिणी कधीच्या बोलत होत्या. शिंपी चपला शोधायला गेला नाही. त्याने बायकोच्या पिशवीतून मधाची बाटली काढली आणि साडूच्या हातात ठेवली.

“रोज एक चमचा घ्या, साडूभाऊ,” तो म्हणाला. “तीन वर्षांत हमखास जातो.”