बदकांची हजेरी

मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर गेम बनवायला शिकलेल्या बाबांचा शुक्रवारी फोन आला. “अगं, कोल्ह्यानं बदक पळवलं की उरलेल्यांची रांग लागताना गेमच बंद पडतो.” “तुमचा टाइमपास रविवारी बघते,” मी म्हणाले. शनिवारी बाबा गेले. महिन्याभरानं त्यांच्या खुर्चीत बसून मी आईला चूक दाखवली. पळवलेलं बदक पडद्यावरून जायचं, पण यादीतलं त्याचं नाव राहायचं. रांग लावताना प्रोग्रॅम नसलेल्या बदकालाही ‘तळं किती लांब?’ विचारून कोलमडायचा. “मास्तरांनी शाळेच्या हजेरीतून कधी कुणाचं नाव खोडलंय?” आई म्हणाली. मीही खोडलं नाही. फक्त एक ओळ लिहिली: आधी हजर कोण बघ, मग रांग लाव. कोल्हा बदक घेऊन गेला. उरलेली सहा रांगेत डुलत तळ्यात उतरली. आईनं टाळी वाजवली. “बाबा,” मी मोठ्यानं म्हणाले, “फार सुंदर गेम केलात तुम्ही.”