म्हाताऱ्याचा गळ

वीरेंद्रने मोठ्या हौसेने बाबांना कारध्याहून जवाहरनगरच्या फिल्म क्लबात आणलं. बाबांचा जन्म वैनगंगेत मासे धरण्यात गेलेला, आणि आजच्या परदेशी सिनेमात होता नदीकाठी बसलेला एक म्हातारा. दोन तास तो गळ पाण्यात टाकतो, वर काढून बघतो, पुन्हा टाकतो. मासा काही लागत नाही. मधेच बाबा पडद्याकडे बोट दाखवत ताडकन उठले, तेव्हा वीरेंद्रने लाजेकाजेस्तव सदरा ओढून त्यांना खाली बसवलं.

दिवे लागले आणि चर्चा रंगली. रक्षा मॅडमना त्या रिकाम्या गळात माणसाचं एकटेपण दिसलं. लिलाधर सरांना तर साक्षात देवाचं मौन ऐकू आलं. मग कोणीतरी अदबीने विचारलं, "काकाजी, तुमचा तर जन्म नदीवर गेला. त्याले मासा काहून नसन लागला?"

वीरेंद्रने मान खाली घातली. बाबा म्हणाले,



"त्याच्या गळाले गांडूळच नव्हतं ना जी! तेवढंच सांगाले उठलो होतो, तं या पोट्ट्यानं बसवलं."