तेवढ्यापुरता बिघाड

मंगळवारी संध्याकाळी अलाबामातली काळ्यांची अख्खी वस्ती आपापल्या खुर्च्या घेऊन ओडेसाच्या टीव्हीसमोर जमली. नट व्हायला कॅलिफोर्नियाला गेलेला तिचा मुलगा लुशियस आज मालिकेत साऱ्या अमेरिकेला दिसणार होता. “नेहमीसारखा हातात झाडू नाही हो, मालिकेत डॉक्टर झालाय माझा!” ती प्रत्येकाला सांगत होती. पडद्यावर दवाखान्याचं दार उघडलं आणि चित्रच गेलं. ‘तांत्रिक बिघाड’ अशी पाटी आली. चित्र परतलं तेव्हा त्याचा प्रवेश संपलेला होता. “काळा डॉक्टर अलाबामाला बघवला नाही,” शेजारचे पाद्री पुटपुटले. मालिका संपताच लुशियसचा फोन आला. “आई, कसा दिसलो गं?” ओडेसाला खोटं बोलवेना. “इथल्या टीव्ही केंद्राने तुझं तेवढंच झाकलं रे.” तिने जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. “तू आत्ता म्हण तुझं वाक्य, सगळे थांबलेत,” म्हणत तिने रिसीव्हर लोकांपुढे धरला. “घाबरू नका बाई, मी आलोय,” एवढंच म्हणून डॉक्टर रडायला लागला.