गुप्तगडाचे देणगीदार

तीस वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेला ‘गुप्तगड’ हा संगणकावरचा खेळ नव्याने आणायचा, म्हणून बोडससरांनी इंटरनेटवर वर्गणी मागितली. वर एक चूक केली. प्रत्येक देणगीदाराचं नाव खेळात झळकेल, असं लिहून बसले. त्यांच्या मनात खेळ संपल्यावर येणारी नावांची यादी होती. लोकांच्या मनात देवळातले पंखे.

पाट्या चढवायचं काम सरांच्या बायकोने अंगावर घेतलं. मग गडावर कशालाही क्लिक करा, पाटी हजर! कंदील कै. दामूअण्णांच्या स्मरणार्थ. भुयाराचं झाकण दहावी ‘ब’कडून सप्रेम भेट. रहस्य राहिलं बाजूला, गडाचं पार देवस्थान झालं.

प्रकाशनाला हॉल भरला. मोठ्या पडद्यावर सर स्वतः खेळत शेवटच्या दालनात पोचले. हडळ आडवी आली. सरांनी तलवार उपसून तिच्यावर क्लिक केलं. पाटी उमटली: ‘कै. इंदिराबाई बोडस यांच्या स्मरणार्थ. सूनबाईंकडून.’

सर गर्रकन वळले. “अगं, ही आई आहे माझी!”

“पाच हजार कमी पडत होते ना? ते मीच भरले,” पहिल्या रांगेतून बायको म्हणाली. “तोवर हडळच तेवढी शिल्लक होती.”

आईवर तलवार कशी चालवणार? दुसऱ्या दिवशी सरांनी खेळच बदलला. आता हडळीला वाकून नमस्कार केला, की ती वाट सोडते.

“कोडं फारच सोपं झालं गं,” सर हळहळले.

“सोपं?” बायको म्हणाली. “बावीस वर्षं वाकत होते मी. कुठे सोडली वाट?”